उजव्या हातातलं घड्याळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. रविवारी सकाळी नगरहून राहुरीच्या रस्त्याला लागलो की विळद घाटाच्या तोंडाशी मी मोटारसायकल बाजूला घ्यायचो, हेल्मेट आरशाला अडकवायचो आणि रस्त्याकडं पाठ करून उभा राहायचो. येणारे-जाणारे ट्रकवाले काय समजत असतील ते उघड आहे. पण मी तेव्हा मनगटावरच्या घड्याळाची चावी बाहेर ओढून, त्याच हातात धरलेल्या मोबाईलकडं बघत काटे सरकवत असायचो. मग चावी आत दाबायची, बाही खाली ओढायची आणि सभ्य माणसासारखा घाट उतरायचा. खाली हॉटेलात माझा मेहुणा वाट बघत बसलेला असायचा. त्याला हरवायला मी चाललेलो असायचो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. राहुरीच्या बाजूला त्याची ऊस-कांद्याची शेती आहे. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. मशीनवरून उतरलेला माल मोजायचा, माप बरोबर असेल तर सही करायची. इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं तपासून पोट भरलं, हे या गोष्टीत लक्षात ठेवायला हरकत नाही.

बोलायला मी कमी. बायको म्हणते, "ह्यांच्या तोंडालासुद्धा मायक्रोमीटर लावलाय, शब्द जास्त झाला की माल परत." पण घड्याळाचा विषय निघाला, आणि तेही स्विस, चावीचं, की मी कुणाला सोडत नाही. माझ्याकडं चार आहेत. सगळी जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. ती मी आमच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात ठेवतो. वाट्या आयत्या गोल असतात, खाली कापूस घातला की घड्याळ अंगाबरोबर बसतं. बायकोनं नवा डबा घेतला तेव्हा जुना मी मागून घेतला. तेव्हापासून तिनं त्यांना नावं ठेवली आहेत. सकाळी मी डबा उघडला की ती ओट्यापासूनच विचारते, "आज कोण? हळद का मोहरी?"

हळदीच्या वाटीतलं सगळ्यात महागाचं. चंदेरी तबकडी, त्यावर बारीक काटे, आणि चावी अशी फिरते की जणू आत लोणी भरलंय. मोहरीच्या वाटीतलं त्याच्याहून जुनं, चावी देताना दात लागल्यासारखं करकरतं, पण आवाज असा खणखणीत की खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यावा. जिऱ्याच्या आणि तिखटाच्या वाटीतल्यांबद्दलही मला बरंच सांगता येईल. घरी कुणी ऐकत नाही. एकटा मेहुणा ऐकायचा. दाजी बोलतात म्हणजे काहीतरी असणार, असं तोंड करून ऐकायचा.

त्याच्याकडं एकच घड्याळ होतं. माझ्या सासऱ्यांचं. ते भिंगारच्या लष्करी कॅम्पात गवत पुरवायचे, तेव्हा बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्यानं जाता जाता स्वतःच्या हातातलं काढून त्यांना दिलेलं. स्विसच. छोटी पिवळट तबकडी, आणि सेकंदाचा काटा खाली वेगळ्या चिमुकल्या गोलात फिरणारा. सासरे गेल्यावर ते मेहुण्याच्या हातात आलं. घरात त्याला घड्याळ म्हणत नाहीत, सासऱ्यांना म्हणायचे तसं आबाच म्हणतात. "आबा किती वाजलं म्हणत्यात?" अशी त्यांच्याकडं वेळ विचारतात.

त्या घड्याळावर माझा डोळा होता असं कुणी म्हणेल. नव्हता. हे खरं आहे, पण पुढचं ऐकल्यावर ते कोण मानणार?

झालं असं, की एकदा राहुरीला जेवणं उरकल्यावर मी हळदीच्या वाटीतल्या घड्याळाची थोरवी सांगत होतो. मशीन कसं, घडण कशी, आठवडा गेला तरी काटा कसा जागचा हलत नाही. मेहुण्यानं सुपारी कातरता कातरता आपल्या मनगटाकडं बघितलं.

"मंग लावा की शर्यत, दाजी. तुमचं त्ये आन आमचं आबा."

"आबांची बरोबरी करता का पाव्हणं? वय काय त्यांचं!"

"वय झालं म्हनूनच म्हनतो. म्हाताऱ्याला टायमाचं लई आसतं."

बायका हसल्या. मला मागं हटता येईना. नियम मीच ठरवला, म्हणजे तोही गुन्हा माझाच. रविवारी दोघांनी वाटेत, विळदच्या हॉटेलात भेटायचं. मोबाईल बघून दोन्ही घड्याळं एकाच वेळी लावायची. पुढच्या रविवारी बघायचं, कुणाचं किती सरकलं. हरेल त्यानं आठवडाभर घड्याळ उजव्या हातात घालायचं. चहा-मिसळीची पैज कुणीही लावतं. मला वाटलं, हे जरा शौकिनांसारखं होईल.

पहिल्याच रविवारी माझं महागाचं घड्याळ इतकं मागं पडलं, की आधी मला मोबाईलच बिघडलाय असं वाटलं. आबा मात्र जवळपास जागेवर. मेहुण्यानं दोन्ही घड्याळं टेबलावर शेजारी ठेवली. मान वाकडी करून बराच वेळ बघितलं.

"दाजी, तुमचं आजून स्वित्झर्लंडच्याच टायमावर हाय वाटतं."

गल्ल्यावरच्या मालकिणीनंही ऐकलं. ती म्हणाली, "असू द्या वो, लांबून आलंय. दमलं आसंल."

तो आठवडा मी विसरत नाही. उजव्या हातात घड्याळ घातलं की जगाला फक्त तेवढंच दिसतं. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, हाताला लागलंय का. खात्यातल्या पोरांनी विचारलं, कुणी ज्योतिषी भेटला का. साहेबांनी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. घरी बायको रोज पोळी वाढताना माझा हात धरून वेळ बघायची आणि म्हणायची, "म्हणजे साधारण इतके वाजले असतील." आणि मी, ज्याची सही म्हणजे माप बरोबर, मी मान खाली घालून भाजी मागायचो.

पुढच्या रविवारी घाटाच्या तोंडाशी मोटारसायकल आपोआप बाजूला गेली. मी घेतली नाही असं मला म्हणायचंय, पण ते जमणार नाही.

काटे मी कधी तंतोतंत लावले नाहीत. एवढी अक्कल मला नोकरीनं दिली. आमच्या खात्यात एखाद्यानं लिहिलेली सगळी मापं नेमकी शून्यावर आली, तर माल पास करण्याऐवजी आम्ही आधी मोजणाऱ्याला बोलावतो. खऱ्या मापात थोडी चूक असतेच. म्हणून मी थोडी चूक ठेवायचो. कधी किंचित पुढं, कधी किंचित मागं. इतकी खरी चूक मी आयुष्यात दुसऱ्या कशातही केली नसेल.

आबा प्रामाणिकपणे चालायचे, आणि प्रामाणिक घड्याळ जेवढं सरकतं तेवढं सरकायचे. माझं त्याहून कमी. मेहुणा हरला.

"स्विस ते स्विस!" तो म्हणाला. आबाही स्विसच आहेत हे त्या वेळी तो विसरला, आणि मीही आठवण करून दिली नाही. त्यानं लगेच घड्याळ काढून उजव्या हाताला बांधलं. पुढच्या रविवारी पुन्हा हरला. त्याच्या पुढच्याही. मग ते तिथंच राहिलं. गावात कुणी विचारलं, उजव्या हातात का रं, की हा छाती पुढं काढून सांगायचा, "आमच्या दाजींची आट हाय. मानूस शब्दाचा हाय, मला बी पाळली पायजे."

माझा उजवा हात दिवसभर कागदांवर सह्या करतो. त्याचा उजवा हात म्हशीची धार काढतो, खोरं मारतो, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग फिरवतो आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या डब्यात जातो. म्हाताऱ्या आबांना जन्मात पहिल्यांदा कामाला जुंपलं होतं, आणि नियम माझा होता.

पावसाळा सरता सरता एका रविवारी तो आला तो मनगट पुढं करूनच.

"ह्ये बगा, दाजी. घोडं झालंय. थांबतच न्हाई, नुसतं पुढं पळतंय."

हॉटेलात आमची एक रीत होती. टेबलावर घड्याळ ठेवायचं, त्यावर स्टीलचा पेला पालथा घालायचा आणि पेल्याच्या बुडाला कान लावायचा. आवाज मोठा होतो. लोक बघायचे, पण आम्हाला सवय झाली होती. मी कान लावला. आबा धापा टाकत होते.

"स्टार्टरच्या डब्यात हात घालता, तेव्हा घड्याळ हातातच असतं?"

"मंग कुटं ठिवू? हारल्यालं मानूस हाय मी."

मला तिथंच कळलं. डब्यातल्या त्या कॉइलजवळ रोज हात गेला, आणि घड्याळाला लोहचुंबक चढलं. आतली केसासारखी स्प्रिंग स्वतःलाच चिकटायला लागते आणि घड्याळ पळत सुटतं. त्याला इलाज आहे, आणि तो माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर आहे. आमच्याकडं ग्राइंडिंगच्या मशीनवर चुंबकानं माल धरतात, मग त्या मालाचं चुंबक उतरवायला एक यंत्र ठेवलेलं असतं. वरून सरकवायचं, झालं. चहाच्या सुट्टीतलं काम.

एवढं सांगितलं असतं, की द्या आठवडाभर, दुरुस्त करून आणतो. पण दुरुस्त आबा पुन्हा जागेवर चालणार, म्हणजे मला पुन्हा घाटात जास्त जपून काटे लावावे लागणार, आणि कधीतरी मी हरणार, आणि गेटवरचा वॉचमन पुन्हा विचारणार, हाताला लागलंय का. हे सगळं मी एका घोटात मोजलं. मोजायची सवय.

"जुनं झालंय," मी म्हणालो. "मशीन थकतं."

त्यानं पेला उचलला. घड्याळ हातात घेऊन अंगठ्यानं काच पुसली.

"मशीन न्हाई वो. हात. आमच्या आज्याच्या हातात बी घड्याळ चालत नव्हतं म्हनं. आसत्यात काही हात. मानवत न्हाई त्यास्नी." आणि मग माझ्याकडं बघून, अगदी मनापासून, "आबांच्या हातात किती वर्सं चाललं, तुमच्या हातात तुमचं चालतं. माज्याच हातात खोट हाय."

मी म्हणालो, "असं काही नसतं." पण किती हळू म्हणालो! ऐकू जाऊ नये इतपतच.

भाऊबीजेला तो आमच्याकडं आला. बायकोनं पाटाभोवती रांगोळी काढली, ओवाळलं. त्यानं नेहमीसारखं पाकीट टाकलं, मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि ताटात निरांजनाशेजारी ठेवली. रुमालात आबा होते.

"ह्ये कशाला रे?" बायको म्हणाली.

"माज्या हातात मरून जाईल, ताई. दाजींच्या हातात जगंल. घरातल्या घरातच हाय की."

बायकोनं घड्याळ उचलून कानाला लावलं. लहानपणी आबा दुपारी पडले की ही त्यांच्या मनगटाला कान लावून झोपायची, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती रडत होती आणि हसत होती. मेहुणा पाटावर बसून स्वतःवर खूश होता. आता यात मी कुठून बोलणार? माझ्या लबाडीतून निघालेली वस्तू मेहुण्याच्या मायेतून फिरून बायकोच्या ताटात ओवाळणी होऊन पडली होती. ओवाळणी परत देत नाहीत. मी करंजी खाल्ली.

सुट्टी संपून कारखाना सुरू झाला त्या पहिल्या दिवशी चहाच्या वेळेला मी आबांना खिशात घालून त्या यंत्रापाशी गेलो. आजूबाजूला कुणी नाही बघून वरून सरकवलं. बस्स, तेवढंच. संध्याकाळपासून ते असे चालू लागले की जणू मधे काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तो बायकोला खरं सांगायच्या तयारीत. निदान यंत्राचं तरी. पण तिनं आदल्या रात्रीपासूनचा हिशेब ठेवला होता. मी चपला काढेपर्यंत तिचा राहुरीला फोन लागलेला. "अरे, ह्यांच्या हातात आले आणि सुधारले! सेकंदाचा फरक नाही!" पलीकडून मेहुणा इतका मोठ्यानं बोलत होता की मला दारातून ऐकू आलं: "म्या म्हनलं नव्हतं? दाजींच्या हाताला यश हाय!"

शर्यत संपली, पण रविवार चालू राहिले. तो आता फक्त आबांना भेटायला येतो. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवतो, त्यावर पेला पालथा घालतो. तो वाकून कान लावतो, आणि वाकताना दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतो. एकदा मी घड्याळ त्याच्या हातात द्यायला गेलो, तर तो मागं सरकला.

"नगं, नगं. माजा हात लागायला नगं. चाललंय त्ये चालू द्या."

बापाच्या घड्याळाला हात लावायला भिणारा माणूस मी समोर बसून बघतो आणि मिसळीत लिंबू पिळतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित गप्पच राहिलो असतो, गप्प राहणं मला जमतं. पण परवा त्यानं नवा ट्रॅक्टर घेतला. पूजेला आम्हाला बोलावलं. दारात ट्रॅक्टर उभा, हार घातलेला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. गाव जमलेलं. नारळ फुटला, आणि मेहुण्यानं किल्ली माझ्या हातात दिली.

"दाजी, चालू तुमच्या हातानं व्हायला पायजे."

"तुमचा ट्रॅक्टर, तुम्ही चालू करा, पाव्हणं."

"न्हाई न्हाई. माज्या हाताला यंत्र मानवत न्हाई, सगळ्यास्नी ठावं हाय."

आणि खरंच सगळ्यांनी माना हलवल्या. जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मला समजावूनही सांगितलं, की यांच्या घरात ते आज्यापासून आहे. मेहुण्याची बायको म्हणाली, नवी मोटार बसवली तीसुद्धा हे चालू करत नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला लावतात. सगळे हसले. तोही हसला. ज्या हातानं ती सगळी जमीन हिरवी केली, तो हात त्यानं खिशात घातला होता.

मी म्हणालो, "ऐका, तुमच्या हातात काही..." एवढं निघालं. पुढचं निघेना. बायको माझ्याकडं कौतुकानं बघत होती, तिच्या मनगटावर आबा होते, त्या दिवसापुरते तिनं मागून घेतलेले. कुणीतरी ओरडलं, "मुहूर्त चाललाय, दाजी!" आणि दाजी ट्रॅक्टरवर चढले. किल्ली फिरवली. नवा ट्रॅक्टर, तो कुणाच्याही हातानं पहिल्या फटक्यात चालू होतो. तो झाला. टाळ्या पडल्या. मेहुण्यानं सगळ्यांकडं बघून हात उंचावला: बघितलंत?

परतताना बायको मागं बसून म्हणाली, "किती साधा आहे हो माझा भाऊ." मी हेल्मेटच्या आतून "हूं" म्हणालो. घाट चढून वर आल्यावर माझा पाय सवयीनं ब्रेकवर गेला.

"इथं काय?" तिनं विचारलं.

"काही नाही."

अजूनही रविवारी मी तिथं थांबतो. चावी ओढायला नाही, एक वाक्य जुळवायला. जुळवतो, दोनदा स्वतःशी म्हणून बघतो, ट्रक जातात, मग घाट उतरतो आणि हॉटेलात पोचेपर्यंत वाक्य मिसळीच्या वासात विरघळून जातं. हळदीच्या वाटीतलं घड्याळ आता मी घालत नाही. चावी दिली की ते अजूनही मागं पडतं. त्याला दुरुस्तीला न्यायचंही मनात येत नाही. घरात निदान एकजण तरी जसा आहे तसा असू दे.

हे मी लिहून काढलं, कारण बोलायला मी कमी. बायको वाचेल तेव्हा डबा कुठल्या कपाटात फेकेल ते बघता येईल. घड्याळ भावाला परत द्यायचं का, हे तिनं ठरवायचं. ओवाळणी तिची आहे, त्यात मला हक्क नाही.

माझ्याकडं जे त्याचं राहिलंय ते वेगळं आहे. तो कधी हरला नव्हता, आणि त्याच्या हातात कधीच काही खोट नव्हती. हे त्याच्या तोंडावर, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणं मी त्याला अजून देणं लागतो.